तोटा घरात सांगता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही शिक्षकाच्या घरात वाढलात, इंजिनिअर झालात, नोकरी सोडून एमआयडीसीत दोन सीएनसी मशीनवर जॉबवर्क सुरू केलंत. मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट चार महिने अडकलंय, बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, काठोकाठ वापरून झालंय, झोप उडाली आहे. शेजारच्या शेडमधल्या गुजराती मित्राचेही पैसे त्याच कंपनीकडे अडकलेत, पण तो निवांत दिसतो. म्हणून तुम्ही विचारता, हा निबरपणा रक्तात आणि संस्कारांत असतो का? नोकरदार घरातल्या माणसाला तो कधी येणारच नाही का? आणि सहा वर्षांच्या मुलीला तरी तो द्यायचा कसा?

मी कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात बँकेत लघुउद्योगांची कर्जं पाहिली, आधी देण्याच्या बाजूला बसून आणि नंतर वसुलीच्या. आता निवृत्त आहे, अडचणीतल्या युनिटना सल्ला देतो. मानसशास्त्राचा माणूस नाही. पण वसुलीच्या टेबलावर कर्जदार एकटा येत नाही, कधी बाप, कधी बायको, कधी भाऊ सोबत असतो, आणि त्यांच्या बोलण्यावरून ते घर कसं चालतं हे बरंचसं कळतं. त्यावरून बनलेलं माझं मत आधीच सांगून टाकतो. घराने दिलेला खंबीरपणा, जिद्द, कष्टाळूपणा या सगळ्याचा उपयोग होतो, पण धंदा वाचतो तो दुसऱ्याच एका सवयीने. तोटा झाला की तो लवकर, आकड्यासकट, घरात सांगून टाकायची सवय. ही सवय नसलेला हुशार आणि प्रामाणिक माणूससुद्धा बुडतो, आणि बुडताना कुणाला पत्ता लागू देत नाही.

एक खातं सांगतो. ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तालुक्याच्या गावातल्या मुख्याध्यापकांचा मुलगा, शाळेत कायम पहिला. त्याने कोरुगेटेड बॉक्सचं युनिट टाकलं. माझ्याकडे त्याच्याइतकं स्वच्छ खातं दुसरं नव्हतं. हप्ता तारखेच्या आधी जमा, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला वेळेवर, तेही नीट टाइप केलेलं. नवीन अधिकाऱ्यांना मी ते नमुना म्हणून दाखवायचो. मग एके दिवशी युनिटला कुलूप. चौकशीत कळलं की एका बड्या गिऱ्हाइकाने हात वर केल्यापासून हा माणूस खाजगी सावकारांकडून महिना तीन ते पाच टक्क्यांनी पैसे उचलून आमचे हप्ते भरत होता. महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं. तितका नफा कुठल्याच बॉक्समध्ये नसतो. घरात शंका येऊ नये म्हणून तो रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघायचा, आणि बँकेत शंका येऊ नये म्हणून हप्ता आधी भरायचा.

वडील शाखेत आले ते पिशवीत पासबुकं आणि ठेवींच्या पावत्या घेऊनच. निवृत्तीच्या पैशांतून किती भरले तर घर वाचेल, एवढंच विचारत होते. मुलगा शेजारी बसला होता. वडील त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "साहेब, याने मला एका शब्दाने सांगितलं नाही." मुलगा म्हणाला, "सहावीत गणितात 62 पडले होते, तेव्हा सांगितलं होतं." पुढे दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मीही कागद चाळत बसलो.

आता हे लपवणं बँकेच्या बाजूने किती महाग पडतं ते सांगतो, कारण उद्योजकांना ते सहसा कुणी समजावून सांगत नाही. हप्ता थकून 30 दिवस झाले की खातं आमच्या यादीत एका खणात जातं, 60 झाले की दुसऱ्या, आणि 90 दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज. पहिल्या दोन खणांत असेपर्यंत शाखाधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. मुदत वाढवून देणं, काही महिने फक्त व्याज घेणं, लिमिटवर जास्त उचललेल्या रकमेचं वेगळं मुदत कर्ज करून देणं, यासाठी तो वर शिफारस करू शकतो. एकदा एनपीए झालं की फाईल वसुली विभागाकडे जाते, आणि तारण असेल तर ते ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस निघते. तेव्हा समोरचा अधिकारी कितीही भला असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या तीन महिन्यांचा. नेमक्या त्याच दिवसांत माणूस लहानपणी शिकलेलं वागतो. ज्याच्या घरी वाईट बातमीवर आधी आवाज चढायचा, तो फोन उचलायचा बंद करतो. ज्याच्या घरी वाईट बातमीवर "बरं, मग आता?" असं विचारलं जायचं, तो फाईल घेऊन शाखेत येतो.

तुमच्या मित्राकडे वळू. तो निवांत का दिसतो याचा माझा अंदाज असा, की त्याच्या घरात हा विषय पहिल्याच आठवड्यात जेवताना निघालेला असणार. पेढीवर वाढलेलं मूल शाळेतून आलं की दुकानात बसतं. "अमक्याकडचे गेले" हे वाक्य त्याने दहाव्या वर्षापर्यंत कितीदा तरी ऐकलेलं असतं, आणि तसं झाल्यावरही दुसऱ्या दिवशी दुकान ठरल्या वेळी उघडतं हे पाहिलेलं असतं. मारवाडी पेढ्यांत 'पडता' काढायची पद्धत होती, म्हणजे रोजच्या रोज नफा-तोट्याचा अंदाज. बिर्लांच्या गिरण्यांनीसुद्धा ती पुढे चालवली. तोटा रोज मोजला की तो लाज वाटण्याइतका मोठा व्हायच्या आत नजरेस पडतो.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उगाच स्वतःला कमी लेखाल. त्याला बहुधा एखादा मामा असेल, जो सहा महिन्यांसाठी पाच लाख बिनव्याजी देऊ शकतो. धंदा बसलाच तर एखाद्या चुलत्याच्या दुकानात त्याला सन्मानाने काम मिळेल. हे भांडवल आहे. माझ्या मते त्याचा निवांतपणा निम्मा वळण आणि निम्मा मामा.

रक्ताचा मुद्दा निकालात काढायला एक अभ्यास उपयोगी पडतो. लिंडक्विस्ट, सोल आणि व्हान प्राग या अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये स्वीडनमधल्या दत्तक मुलांची माहिती तपासली. आई-वडील उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी वाढते असं त्यांना दिसलं. दत्तक मुलांमध्ये जन्मदात्यांचा आणि वाढवणाऱ्यांचा वाटा वेगळा करता येतो. तो केला तेव्हा वाढवणाऱ्यांचा प्रभाव जवळपास दुप्पट निघाला. मात्र हा अभ्यास धंद्यात पडण्याबद्दलचा आहे, पडल्यावर तग धरण्याबद्दलचा नाही. धंदेवाईक घरातली, पहिल्याच झटक्यात कोसळलेली मुलं मी भरपूर पाहिली आहेत. बापाचा धंदा चालू असताना पोरगं फक्त गाडी फिरवत होतं, हिशोबाला कधी बसलंच नव्हतं.

आपल्याकडे मराठी माणसाच्या धंद्याचा विषय निघाला की कुणीतरी "ठेविले अनंते" वर येतं आणि सगळं खापर तुकोबांवर फोडतं. मला याचा राग येतो. तुकोबांचं घराणं वाण्याचं, देहूची महाजनकी त्यांच्याकडे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे आपल्याला ठाऊक आहे कारण द्रव्य गेलं आणि मान गेला हे त्यांनी स्वतःच्या अभंगात उघड सांगून ठेवलंय. घरची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, पण भावाच्या वाट्याची खतं त्याला आधी देऊन मगच आपली बुडवली, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. दिवाळखोरीबद्दल इतकं मोकळं बोललेला दुसरा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. त्यांच्या नावावर गप्प बसण्याचा संस्कार खपवायचा हे बरं नव्हे. गप्प बसायचं वळण मला वाटतं पगारदार घरांतलं आहे. तिथे पैसा महिन्याच्या एक तारखेला येतो, कमी पडला तर चूक खर्च करणाऱ्याची. त्या घरात तोटा ही घटना नसतेच, तो गुन्हा असतो.

म्हणून तुमच्यासाठी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. ते पेढीवर वाढले नव्हते. जन्म 1869 चा, बेळगाव भागातला, वडील काशिनाथपंत वेदान्ती. मुलाचं शाळेत मन लागत नव्हतं, त्याला चित्रकला आणि यंत्रं आवडायची. वडिलांना हे मान्य नव्हतं. थोरले बंधू रामूअण्णा मध्ये पडले, पैशांची जबाबदारी घेतली, आणि लक्ष्मणराव 1885 मध्ये मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसत नाहीत! त्यांनी रंगकाम सोडलं, यंत्रांची रेखाटनं धरली, आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. 1897 च्या सुमारास बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. नोकरी सोडून ते बेळगावला परतले, ते रामूअण्णांकडेच. दोघा भावांचं सायकलचं दुकान आधीपासून होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकून वर चालवायलाही शिकवायचे.

मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने दोनेक वर्षं गिऱ्हाईक मिळेना. ते मिळायला लागल्यावर बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकर माळ आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. निवडुंगाचं रान, नागांचा सुळसुळाट. तिथे 1910 च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि कारभार बघायला सोबत पुन्हा रामूअण्णाच.

चरित्रांत हा सगळा प्रवास 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळतात. मी बँकवाल्याच्या नजरेने वाचतो तेव्हा मला दिसतं ते वेगळं. रंग दिसत नाहीत, बढती गेली, नांगर खपत नाहीत, जागा गेली, यातली प्रत्येक बातमी घरातल्या एका माणसाला ताबडतोब सांगता येत होती, आणि ती सांगितल्यावर पुढचं पाऊल दोघं मिळून ठरवत होते. सबंध घर पाठीशी नव्हतं, वडिलांचा तर विरोधच होता. एक माणूस पुरला. सांगली जिल्ह्यातल्या पेडच्या अशोक खाडे यांचं असंच. वडील मुंबईत चपला शिवायचे, थोरला भाऊ दत्ता आधी माझगाव डॉकमध्ये लागला, मग अशोक आणि सुरेश. समुद्रातल्या तेलफलाटांची कामं करणाऱ्या त्यांच्या कंपनीचं 'दास' हे नाव तिघांच्या आद्याक्षरांचं आहे.

एक माणूस पुरतो याला संशोधनाचाही आधार आहे. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यांतली काही मुलं फार कठीण घरांतली होती. गरिबी, दारू, भांडणं, आजारपण. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. एक, आई-वडील नसले तरी आजी, काका, मोठी बहीण असं एखादं माणूस कायम त्यांचं होतं. दुसरी, त्यांच्यावर घरातलं एखादं खरं काम सोपवलेलं होतं, जे त्यांनी केलं नसतं तर घराचं अडलं असतं.

याच आकड्यांकडे उलट बाजूनेही बघा. दोन तृतीयांश मुलांना ते झेपलं नव्हतं. "गरिबीने मला घडवलं" असं सत्कारात सांगणाऱ्यांचा मी आदर करतो, पण गरिबीने मोडलेल्यांना सत्काराला कुणी बोलावत नाही. कष्टाने माणूस आपोआप टणक होत नाही, त्याला परत जायला दार लागतं. कल्पना सरोज यांच्या आयुष्यात ते दिसतं. अकोला जिल्ह्यातल्या हवालदाराची मुलगी, बाराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईला आलेली. वडील भेटायला आले, तिची सासरची दशा पाहिली आणि तिला सरळ घरी घेऊन गेले. तो काळ आणि ते गाव लक्षात घेतलं तर हे सोपं नव्हतं. लोकांनी बोलून बोलून जीव नकोसा केला. पुढे त्या मुंबईत शिवणकाम करत वर आल्या, डबघाईला आलेली कमानी ट्यूब्स त्यांनी ताब्यात घेऊन रुळावर आणली, 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. बडी थकबाकी, कामगारांची देणी, कोर्टकज्जे असलेला कारखाना हातात घ्यायला छाती लागते हे खरंच. पण अपयशी संसारातून परत आलेल्या मुलीला बापाने उंबऱ्यावर थांबवलं नाही, हे मी त्या हिशोबात आधी धरतो.

संस्कारांचा एक तोटाही सांगतो, कारण वसुलीत मला तो लपवालपवीच्या खालोखाल दिसला. काही घरांत "माघार घ्यायची नाही" हे इतकं भिनवलेलं असतं की माणसाला धंदा बंद करता येत नाही. एक फाउंड्रीवाले, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना असलेले, होते. विजेचा आणि भंगाराचा भाव धरला तर प्रत्येक किलो कास्टिंगमागे नुकसान होत होतं, म्हणजे जितकी भट्टी चालेल तितका खड्डा मोठा. मी म्हटलं, मोकळा प्लॉट विका, कर्ज अर्ध्यावर आणा, भट्टी बंद ठेवून नुसतं मशीनिंग करा. त्यांचं उत्तर होतं, "बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आबांनी बैल विकले नाहीत, मी प्लॉट विकू?" शेवटी तो प्लॉट लिलावात गेला, येऊ शकली असती त्याच्या बऱ्याच कमी किमतीला. शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण त्यांच्याही घरात होतीच. फक्त कौतुक आबांच्या बैलांचं व्हायचं. मुलांसमोर कुणाच्या गोष्टी सांगतो याकडे म्हणूनच लक्ष हवं. "त्या वर्षी आम्ही दुकान बंद केलं आणि बरं झालं" ही गोष्टसुद्धा घरात सांगितली गेली पाहिजे.

उलट, ज्या घराकडून मी शिकलो ते इचलकरंजीतलं एक खर्चीवाल्याचं घर. खर्चीवाला म्हणजे स्वतःचे माग असलेला, पण व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये चार साधे माग, मागे दोन खोल्या, आणि मागांच्या खडखडाटात सगळं घर ओरडून बोलणारं. मी तपासणीला गेलो होतो. मजुरी काय मिळते असं मालकाला विचारलं तर उत्तर आलं खाली बसून कांड्या निवडणाऱ्या मुलीकडून. असेल चौथी-पाचवीत. पिकाला (म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्याला) किती पैसे, व्यापाऱ्याने गेल्या महिन्यात किती कमी केले, आणि सूत गुंडाळलेला बीम न आल्याने कुठला माग किती दिवस उभा आहे, सगळं तिने सांगितलं. बापाने तिला गप्प केलं नाही. "तिला विचारा, माझ्यापेक्षा तिच्या ध्यानात राहतं," म्हणाला. पुढे सूत बाजार पडून व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला तेव्हा त्या भागातली बरीच खाती आमच्याकडे थकली. हा माणूस पहिला हप्ता चुकायच्या आधीच शाखेत आला, वहीचा फाडलेला कागद घेऊन. कागदावर मुलीच्या अक्षरात येणं, देणं, घरखर्च, आणि खाली "तीन महिने निम्मा हप्ता भरू शकतो". असा कागद मला मोठमोठ्या सल्लागारांकडून आलेला नाही. त्याला मुदत मिळाली आणि त्याने ती पाळली.

आता तुमचं काय करायचं.

सगळ्यात आधी बायकोला आकडा सांगा. "जरा टेन्शन आहे" हे सांगणं नव्हे. एका कागदावर लिहा: कंपनीकडून किती येणं, बँकेचं किती देणं, सप्लायरचं किती, घरात दरमहा किती लागतात, आणि एक रुपयाही आला नाही तर किती महिने निघतात. हा कागद तिच्यासमोर ठेवा आणि पहिली दहा मिनिटं स्वतःचा बचाव करू नका. जामीनदार म्हणून तिची सही घेतलेली असेल तर तिचा तो हक्कच आहे. सही कुठं करायची एवढंच विचारून निघून गेलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत. नोटीस घरी पोचते तेव्हा पाकिटावर त्यांचंही नाव असतं.

मग त्याच आठवड्यात बँक. हप्ता चुकायच्या आधी जा, चुकला असेल तर महिना पूर्ण व्हायच्या आत. भेट झाली की जे बोललात ते ईमेलने लिहून पाठवा. खाजगी पैसे उचलून हप्ता भरणं मात्र आजच बंद करा. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण चार महिने पेमेंट अडकूनही खातं नियमित आहे म्हणता, तेव्हा विचारणं भाग आहे.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार जास्तीत जास्त 45 दिवसांत करावं लागतं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. वेळेत न दिलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणूनही धरता येत नाही, ही तरतूद 1961 च्या आयकर कायद्यात 43बी(एच) म्हणून आली आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली. लगेच अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करा असं मी म्हणणार नाही, गिऱ्हाईक तुटतं. आधी त्यांच्या खरेदी विभागाला सोडून अकाउंट्स विभागाला एक सभ्य पत्र लिहा, त्यात या दोन्ही तरतुदींचा उल्लेख करा. मार्च जवळ आला की अशा पत्रांना उत्तरं लवकर येतात. तुमच्या मित्राचेही तिथेच अडकलेत ना? दोघांनी एकाच दिवशी पाठवा.

वडिलांना सांगायचं का, हा तुमचा खरा अवघड प्रश्न असेल असं वाटतं. सांगा, पण पैसे न मागता. त्यांची पेन्शन, ठेवी आणि राहतं घर या तीन गोष्टींना हात लावणार नाही हे वाक्य आधी बोला, मग आकडा. शिक्षक बापाला बहुधा भीती पोराच्या अपयशापेक्षा म्हातारपणी दारात माणसं उभी राहण्याची असते. ती गेली की तो तुमच्या बाजूने विचार करायला लागतो. माझ्या अनुभवात असे बाप आपण धरतो त्यापेक्षा बरे निघतात. नाहीच निघाले तर भाऊ, मेहुणा, जुना मित्र, कुणीतरी एक रामूअण्णा शोधा. तुमचं वय 31, म्हणजे वळण बदलायला उशीर झाला असं मुळीच नाही. पन्नाशीतल्या माणसांना मी पहिला कागद लिहायला लावलाय आणि दुसऱ्या महिन्यापासून ती आपण होऊन लिहायला लागली आहेत. आणि झोप दोन-तीन आठवडे लागतच नसेल तर डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

मुलीबद्दल एवढंच, की तिला मुद्दाम कष्टात घालू नका, आणि प्रत्येक खेळात जिंकूही देऊ नका. तिच्या वाट्याला एक खरं काम द्या, जे तिने विसरलं तर कुणीतरी गुपचूप करून टाकणार नाही. तिच्या हातून काही फुटलं, हरवलं, बिघडलं आणि ती सांगायला आली, की सांगितल्याबद्दल आधी बरं म्हणा, बाकीचं नंतर. शनिवारी शेडवर न्या, बिलं महिन्याप्रमाणे लावायला सांगा, कुठल्या बिलाचे पैसे आले आणि कुठल्याचे नाहीत हे तिला खुशाल दिसू दे. मात्र रात्रीची तुमची भीती तिच्यावर उतरवू नका. ती बायकोशी, बँकेशी, सीएशी बोलायची आहे. मुलीला "या महिन्यात पैसे कमी आले, म्हणून सायकल दिवाळीनंतर" इतकं सांगा, आणि दिवाळीनंतर ती खरंच आणा. नाहीच जमलं तर तेही तिला तारखेच्या आधीच सांगा.